अकराव्या वचनाआधी दहा वचनं असतात

जय ख्रिस्त सगळ्यांना. मागपर्यंत आवाज येतोय ना? तो कोपऱ्यातला पंखा जरा कमी करा कुणीतरी, तो माझ्यापेक्षा जास्त बोलतोय.

पास्टरसाहेबांनी विषय दिलाय "रोजच्या विश्वासासाठी तीन वचनं" आणि वेळ दिलाय चाळीस मिनिटं. तीन वचनं म्हणजे बायबलमधली यिर्मया 29:11, फिलिप्पैकरांस 4:13 आणि यशया 43:2. तिन्ही तुम्हाला पाठ आहेत, संडे स्कूलच्या पोरांना पाठ आहेत, इथल्या अर्ध्या लोकांच्या स्टेटसला आहेत, एक तर टेम्पोच्या मागच्या फळीवर बघितलंय मी मिरज स्टेशनजवळ. म्हणून ती नव्यानं सांगायला मी उभी राहिलेली नाही. नोकरीत होते तेव्हापासून एक गोष्ट मनात आहे ती बोलायचीय, आणि आज तुम्ही सगळे बसलेले सापडलाय तर बोलूनच टाकते. वचन एकटं उचलू नका. त्याच्या आधीचं वाचा, नंतरचं वाचा. धीर तिथं असतो, आणि आपण तोच कापून बाजूला टाकतो.

मी नर्स होते हे सगळ्यांना माहितीय, या हॉलमधल्या निम्म्या लोकांना मी कधी ना कधी सुई टोचलीय आणि ते अजून माझ्याशी बोलतात ही देवाचीच कृपा. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 साली इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून, सोलापूरकडून माणूस मिरजेला येतो तो बरा व्हायलाच. आणि माणूस दवाखान्यात पडला की त्याला भेटायला माणसं येतात, आणि आपली ख्रिस्ती माणसं आली की मोकळ्या हातानं येत नाहीत, दोन मोसंबी आणि एक वचन घेऊन येतात. मोसंब्यांबद्दल माझी काही तक्रार नाही.

माझ्या वॉर्डात एक काका होते, तासगावकडचे, द्राक्षबागेवाले. बाग मोठी नव्हती, पण जीव सगळा तिच्यात. मोटरसायकलवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. तेव्हा अशा पेशंटला आठवडेच्या आठवडे ट्रॅक्शनवर ठेवायचे, म्हणजे पाय दोरीनं ताणलेला, पलंगाच्या पायथ्याला चाक, त्यावरून दोरी खाली आणि दोरीला वजनं लोंबकळतायत. ती वजनं हलली की पेशंटच्या डोक्यात वीज चमकते. आणि भेटायला आलेली माणसं कुठं टेकतात? बरोब्बर तिथं. मी दिवसातून किती वेळा ओरडायचे, "अहो दोरीला हात लावू नका, पलंगावर बसू नका," पण प्रार्थनेला उभा राहिलेला माणूस डोळे मिटतो आणि हाताला जे सापडेल ते धरतो. एकदा एक भाऊ इतक्या कळकळीनं प्रार्थना करत होते की हातात दोरीच धरली, आणि त्यांनी आमेन म्हणायच्या आधी काकांनी जी आरोळी ठोकली ती खाली ओपीडीत ऐकू गेली. त्या भावांना वाटलं काकांना आत्म्याचा स्पर्श झाला.

हसा, हसा. पण पुढचं ऐका.

दिवस ऑक्टोबरचे. द्राक्षवाल्यांना सांगायला नको, आपल्याकडं बागेच्या दोन छाटण्या, एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला फळछाटणी, आणि फळछाटणी चुकली की वर्ष गेलं. काकांचा पाय दोरीला आणि बाग तिकडं तशीच उभी. आणि जो येईल तो म्हणतोय, "काका, यिर्मया एकोणतीस अकरा. संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत." सकाळी एक जण, दुपारी दोन जण, रविवारी उपासना सुटली की अख्खी रांग. एकानं तर ते वचन चकचकीत कागदावर छापलेलं आणून उशाला चिकटवलं. काका सगळ्यांना हात जोडायचे, कुणालाही उलटून बोलले नाहीत. रात्री मात्र मी नाईटला होते, औषध द्यायला गेले तर म्हणतात कसे, "सिस्टर, हिताचा संकल्प म्हंत्यात समदी. मग माझं तंगडं मोडलं ते कुणाच्या हिताचं? आन् बागंचं काय?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी काही पाळक नाही. पण आमच्या आईची एक सवय होती, ती एक वचन कधीच वाचायची नाही, अध्याय काढला की शेवटपर्यंत वाचणार, मग स्वयंपाकाला उशीर झाला तरी चालेल. तिच्यामुळं तो अध्याय मला ठाऊक होता. वॉर्ड झोपलेला होता, मी स्टूल ओढलं, टॉर्च घेतला आणि म्हटलं, "काका, हे वचन म्हणजे पत्रातली एक ओळ आहे, सगळं पत्र ऐकणार का?" म्हणाले, "वाचा."

पत्र कुणाला गेलंय बघा. इसवी सनापूर्वी 597 मध्ये नबुखद्नेस्सर राजानं यरुशलेमातून माणसं धरून बाबेलला नेली, राजाला नेलं, राजमातेला नेलं, सुतार-लोहार नेले, कामाची माणसं वेचून नेली. घर गेलं, शेत गेलं, मंदिर लांब राहिलं. त्या माणसांना यिर्मया संदेष्टा यरुशलेमातून देवाचा निरोप पत्रानं पाठवतोय. आणि त्यात अकराव्या वचनाच्या आधी काय आहे? घरं बांधा आणि त्यात राहा. बागा लावा आणि त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या, त्यांचीही लग्नं लावून द्या. देव म्हणतो, ज्या नगरात मी तुम्हाला पाठवलंय त्याचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, त्याच्या हितात तुमचं हित आहे. शत्रूचं गाव हो! ज्यांनी घरातून धरून नेलं त्यांच्या गावासाठी प्रार्थना करा म्हणतोय. मग दहाव्या वचनात सांगतो, सत्तर वर्षं पुरी झाली की मी तुम्हाला परत आणेन. आणि तेव्हा कुठं अकरावं येतं, संकल्प हिताचे आहेत म्हणून.

सत्तर वर्षं ऐकल्यावर काका गप्प झाले, मग म्हणाले, "सिस्टर, माझं आत्ताच पासष्ट हाय." आणि हसले. अपघात झाल्यापासून पहिल्यांदा.

ते हसू मी विसरत नाही, कारण त्यांना बरोबर कळलं होतं. हे पत्र ऐकणारा तिशीचा माणूससुद्धा यरुशलेम परत बघणार नव्हता. ते वचन त्याच्या नातवंडांपर्यंत जाणारं होतं, आणि त्यानं स्वतः काय करायचं तर आहे तिथं बाग लावायची. आता एक अध्याय मागं जा, अठ्ठाविसाव्यात. तिथं हनन्या नावाचा संदेष्टा उभा आहे, तो लोकांना सांगतोय दोन वर्षांत सगळं परत येणार, मंदिराची पात्रं परत, राजा परत. यिर्मयाच्या मानेवर लाकडी जू होतं ते त्यानं सगळ्यांसमोर मोडून टाकलं. लोकांना किती बरं वाटलं असेल! पण ते देवानं सांगितलेलंच नव्हतं. आणि आपण करतो काय, यिर्मयाचं वचन घेतो आणि हनन्याच्या आवाजात वाचतो. "लवकर होणार, याच वर्षी होणार, डिस्चार्ज उद्याच." पेशंटला कळतं हो. ज्याचा पाय दोरीला टांगलाय त्याला उद्याचा डिस्चार्ज सांगणारा माणूस लगेच ओळखू येतो.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी दोन गोष्टी केल्या. सून भेटायला आली की तिला एकेका ओळीची छाटणी सांगायला लागले, कुठली काडी ठेवायची, किती डोळे ठेवायचे, बोटानं चादरीवर काढून दाखवायचे. तोवर सुनेच्या हातात कात्री द्यायला तयार नव्हते. आणि दुसरं म्हणजे वॉर्ड त्यांनी आपलं नगर करून टाकलं. शेजारच्या पलंगावर विजापूरकडचा पोरगा होता, फक्त कानडी बोलायचा, त्याच्याशी खुणांनी गप्पा. रोज सकाळी मला विचारायचे, "आज कुणाचं ऑपरेशन?" मी नाव सांगायची आणि ते डोळे मिटायचे. हिंदू, मुसलमान, लिंगायत, सगळ्यांसाठी. नंतर नंतर लोकच सांगायला यायचे, काका उद्या आमचं आहे, लक्षात ठेवा. उशाचा तो चकचकीत कागद त्यांनी काढला नाही, पण त्याच्या खाली पेननं लिहून घेतलं माझ्याकडनं, "वचन 5 ते 10 आधी".

यावरनं आठवलं, हे वचनांचे आकडे काही यिर्मयानं घातलेले नाहीत, फिलिप्पैकरांना पत्र लिहिणाऱ्या पौलानंही नाहीत. अध्याय पाडले तेराव्या शतकात, आणि नव्या कराराला आज आहेत ते वचनांचे आकडे रॉबेर एतिएन नावाच्या फ्रेंच छपाईवाल्यानं 1551 साली घातले. फार उपयोगी काम आहे, आकडे नसते तर मी आत्ता तुम्हाला पान कसं सांगितलं असतं? पण आकडा शोधण्यासाठी आहे, तोडण्यासाठी नाही. तोडून वचन वापरायचं काम शास्त्रात कुणी केलंय ते मत्तय चौथ्या अध्यायात आहे. प्रभूला मंदिराच्या टोकावर उभं करून सैतान स्तोत्र 91 म्हणतो, तो आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, उडी टाक. त्याच स्तोत्रात पुढं सिंह आणि नाग तुडवशील असं आहे, तिथपर्यंत काही तो गेला नाही.

वॉचनाईटला, म्हणजे 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेला, आपण वचनाची कार्डं वाटतो, त्यावरही मला बोलायचंय. बॉक्समध्ये हात घालायचा, कार्ड काढायचं, ते आपलं वर्षाचं वचन. मला ती पद्धत आवडते, माझी सगळी कार्डं मी बायबलमध्ये ठेवलीयत. पण आमच्या शेजारच्या ताईंना एका वर्षी आलेलं कार्ड त्यांनी परत बॉक्समध्ये टाकून दुसरं काढलं, कारण पहिल्यावर संकटाचं काहीतरी होतं! कार्ड छापणाऱ्या भावांना माझी हात जोडून विनंती आहे, वचनाच्या खाली एक ओळ वाढवा, "हा अध्याय पूर्ण वाचा". शाई किती लागणार आहे?

पास्टरसाहेब घड्याळ दाखवतायत. दोन वचनं राहिलीत, भराभर सांगते.

फिलिप्पैकरांस 4:13, मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे. दहावीच्या पोरांच्या कंपासपेटीत हे असतंच. असू दे, पोरांनो, ठेवा. पण पौल हे बेड्यांत बसून लिहितोय, आणि अकराव्या-बाराव्यात तो "सर्वकाही" म्हणजे काय ते सांगतो, पोट भरलेलं असताना राहता येतं आणि भुकेलेलं असतानाही राहता येतं. म्हणजे नापास झालास तरी हे वचन खोटं ठरत नाही बाळा, उलट त्या दिवशी ते जास्त तुझं आहे. आणि चौदावं वाचा, पौल फिलिप्पीच्या मंडळीला लगेच म्हणतो, तरी माझ्या संकटात तुम्ही सहभागी झालात हे चांगलं केलंत. त्यांच्यातलाच एपफ्रदीत त्यांची मदत घेऊन एवढा लांब आला, मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला, दुसऱ्या अध्यायात आहे ते. सर्वकाही करण्यास शक्तिमान असलेल्या पौलालाही कुणीतरी येऊन भेटावं लागलं. तेव्हा आजाऱ्याला "तू शक्तिमान आहेस" असा मेसेज टाकलात तर त्याच दिवशी डबाही घेऊन जा.

यशया 43:2. हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. ऑगस्ट 2019 चा महापूर, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आणि पाणी गेलं 57 च्या वर. माझी नणंद कर्नाळ रोडला राहते, अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्याकडं मिरजेला आली. तिचा मोबाईल सारखा वाजतोय आणि प्रत्येक मेसेजला तेच, धबधब्याचा फोटो आणि खाली "नद्यांतून जाशील तेव्हा त्या तुला बुडवणार नाहीत". ती म्हणाली, "वहिनी, माझा फ्रीज घरात तरंगतोय." मी म्हटलं, आपण बेचाळीस काढू आधी. बेचाळिसाव्याच्या शेवटी हे लोक कसे आहेत, लुटलेले, लुबाडलेले, बिळांत कोंडलेले, सोडवायला कुणी नाही. अशा माणसांना उद्देशून त्रेचाळिसावा सुरू होतो, भिऊ नको, मी तुला नावानं हाक मारलीय, तू माझा आहेस. ज्यांचं सगळं गेलंय त्यांनाच ते सांगितलंय. नणंद हे ऐकून पहिल्यांदा रडली, तोवर नुसती भांडी मोजत होती, कुठलं भांडं कुठं राहिलं म्हणून.

आणि पाचव्या-सहाव्यात देव म्हणतो मी पूर्वेकडून, पश्चिमेकडून माणसं गोळा करून आणेन, उत्तरेला म्हणेन दे, दक्षिणेला म्हणेन अडवू नको. पाणी उतरल्यावर तिच्या घरात चिखल एवढा की दार उघडेना, आणि तो काढायला जतकडनं पोरं आली, जिथं प्यायला पाणी टँकरनं येतं तिथली पोरं, फावडी आणि घमेली स्वतःची घेऊन. त्यातल्या निम्म्यांना ती ओळखतही नव्हती. एकानंही वचन सांगितलं नाही. संध्याकाळी चहा पिताना तिनंच त्यांना ती दोन वचनं वाचून दाखवली.

बास, संपली वेळ. पास्टरसाहेब शेवटची प्रार्थना करतील, त्याआधी यशया 43 उघडा, पहिल्यापासून सातव्यापर्यंत सगळ्यांनी मिळून वाचू. ज्यांच्याकडं पुस्तक नाही त्यांनी मोबाईल काढा, शेजारच्याला दाखवा. मोठ्यानं वाचा, मागच्या बाकावरच्या आजींना कमी ऐकू येतं. चला, पहिलं वचन.