पाण्यापासून मागे सरून

(दृश्य: मायणीचा तलाव, हिवाळ्यातली सकाळ. उथळ पाण्यात पक्ष्यांची लांब रांग. मागे माळरान.)

खटाव तालुका. वर्षाचा पाऊस जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला तो 5000च्या वर जातो. मल्हारपेठ–पंढरपूर रस्त्यावरच्या मायणीचा हा तलाव ब्रिटिशांच्या काळातला, शेतीसाठी बांधलेला. पाणी अडवलं शिवारासाठी. पक्षी आपले आपण आले. रोहित (फ्लेमिंगो), चक्रवाक, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, आणि काठाकाठाने लांब लाल पायांवर फिरणारे शेकाटे. 2021 मध्ये मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी या तलावांचा परिसर पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर झाला.

आता पक्षी बघायला माणसं येणार. त्यांना सावली लागणार, पाणी लागणार, स्वच्छतागृह लागणार. मुलांना रोहितची वाकडी चोच कशासाठी असते हे कुणीतरी समजावून सांगायला हवं. म्हणजे अभ्यागत केंद्राची इमारत आली. अशा इमारतीबद्दल बोलताना सगळे आधी भिंतीवर येतात: माती की वीट, छपरावर सौर पॅनेल किती. आमच्या मते तो दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, ती उभी कुठे राहणार?

(दृश्य: तलावाची मातीची पाळ. पाळीखालची बाभळीची झाडं.)

केंद्र सरकारच्या 2017च्या पाणथळ नियमांनुसार, पूररेषेपासून 50 मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही. पण त्याच नियमांच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. म्हणजे मायणीसारख्या तलावाला हा 50 मीटरचा आधार आपोआप मिळत नाही. तो आपणच पाळायचा. आणि आम्ही म्हणू, 50वर थांबूही नये. पाळीच्या खालच्या अंगाला, रस्त्यालगत, जिथे आधीच वर्दळ आहे तिथे इमारत बांधावी. भरावाला धक्का न लावता, आणि उंची पाळीच्या माथ्याखाली ठेवून. तलावातल्या पक्ष्याला ती दिसायलाच नको. शारजात कचराभूमी होऊन गेलेली पाणथळ पुन्हा जिवंत केली, तिथलं वासित केंद्र असंच जमिनीत दबवून बांधलंय. 2019चा आगा खान वास्तुकला पुरस्कार त्याला मिळाला.

मग पक्षी बघायचे कुठून? इथे खटावच्या पाण्याचा स्वभाव आडवा येतो. चांगल्या पावसाच्या वर्षी पाणी काठाला, आणि दुष्काळात तेच इतकं मागे जातं की काठावर बांधलेला पक्का निरीक्षण मनोरा भेगाळलेल्या गाळाकडे बघत उभा. उपाय उसाच्या फडात सापडतो. ऊसतोडीला आलेली कुटुंबं बांबू आणि पाचट यांची कोपी बघता बघता उभी करतात, आणि फड संपला की उचलून पुढे नेतात. पक्षीनिरीक्षणाचा आडोसाही तसाच हवा, पाणी सरकेल तसा सरकणारा. समोरच्या बाजूला डोळ्यांच्या उंचीवर एक आडवी फट, एक खाली मुलांसाठी. तो पूर्वेच्या काठावर ठेवायचा, म्हणजे सकाळचं ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर पडतं. पश्चिमेला ठेवला तर सकाळी पाण्यावरची तिरीप डोळ्यांत जाते आणि प्रत्येक बदक काळंच दिसतं.

(दृश्य: जुनं माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छपराचं घर. जाड दगडी भिंत, आतून कडीपाट.)

आता भिंती आणि छप्पर. माण-खटावच्या जुन्या घरांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. खाली दीड-दोन हात जाडीची भिंत, काळ्या दगडाची. वर तुळया, त्यावर फळ्या, फळ्यांवर काटक्यांचा थर आणि त्यावर हातभर माती, धुम्मसने चोपलेली. दुपारी एकचं ऊन या थरातून आत झिरपायला संध्याकाळ होते. राहत्या घरात हीच अडचण असायची: रात्री छत तापलेलं, म्हणून उन्हाळ्यात माणसं माळवदावर झोपायला. पण अभ्यागत केंद्र दिवेलागणीला बंद होतं. उष्णता आत पोचते तेव्हा आत कुणीच नसतं! माळवद महाबळेश्वरात एका पावसाळ्यात वाहून जाईल. इथे ते चालतं, कारण पाऊसच तेवढा.

‘तलावातला गाळ काढून त्याच्याच विटा करा’ असं कुणीतरी हमखास सुचवतं. ऐकायला छान आहे. पण हा गाळ काळ्या चिकणमातीचा. ओला झाला की फुगतो, वाळला की तडकतो. त्याची जागा शेतात. भिंतीसाठी माळावरचा मुरूम आणि चुना बरा.

(दृश्य: स्वच्छतागृहामागचा खडीचा वाफा. करदळीची लाल फुलं.)

सगळ्यात कमी दाखवली जाणारी गोष्ट म्हणजे इमारतीतून बाहेर पडणारं पाणी. शोषखड्ड्यातलं पाणी मुरमातून, खडकाच्या भेगांतून वाट काढतं. ते तलावात पोचलं की नत्र आणि स्फुरद वाढतं. शेवाळ माजतं, जलपर्णी पसरते, आणि उथळ पाण्यात चोच उलटी धरून अन्न गाळणाऱ्या रोहितची जागाच जाते. म्हणून सांडपाणी आधी बंदिस्त टाकीत, तिथून खडी-वाळूच्या वाफ्यात. वाफ्यात करदळ आणि पाणकणीस. बाहेर पडणारं पाणी झाडांना, तलावाला थेंबही नाही. पिण्याच्या पाण्याचं म्हणाल तर 200 चौरस मीटर छपरावर 500 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1,00,000 लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला धरा, तरी 80,000 उरतं. मातीच्या छपराचं पाणी मात्र गढूळ. तेव्हा पिण्यासाठी भरायचं तर पडवीवर कौलं घालून त्यांचंच पाणी हौदात घ्यायचं, आणि हिशोबही तेवढ्याच कौलांचा करायचा.

मोठ्या काचेच्या भिंती नकोत. काचेत आकाश दिसतं आणि पक्षी त्यात शिरायला जातो.

(दृश्य: उघड्या मुरमावर टिटवीची अंडी. कॅमेरा जवळ गेल्यावरच दिसतात.)

बांधकामाचा महिना निवडणंही अवघड. नोव्हेंबर ते मार्च पाहुणे पक्षी असतात. ते गेले की टिटवी उघड्या मुरमावर, खड्यांच्याच रंगाची चार अंडी घालते. वाटेसाठी मुरमाचा ट्रक रिकामा करणाऱ्याला ती दिसणार नाहीत. तेव्हा फक्कीने आखणी करण्याआधी ती जमीन पायी बघून घ्यायची, आणि अंडी दिसली तर त्या कोपऱ्यातलं काम पिल्लं निघेपर्यंत थांबवायचं. ठेकेदार कुरकुर करेल. करू दे.

निविदेत इमारतीचा खर्च असतो, पुढच्या वर्षांचा नसतो. माळवदाला मिरगाच्या आधी दरवर्षी नवी माती लागते. करदळ छाटावी लागते, कोपीचं पाचट बदलावं लागतं. त्यासाठी गावातलेच दोन-तीन हात पगारावर ठेवायचे, आणि ती रक्कम पहिल्याच अंदाजपत्रकात धरायची. नाहीतर छत गळायला लागल्यावर कुणीतरी वर पत्रा टाकेल, आणि मे महिन्यात आत बसवणार नाही म्हणून मग एसी मागवतील.