याच गाडीनं घरी यायचंय

(पुण्यातल्या वाहनप्रेमींच्या एका संध्याकाळच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना झालेल्या पुनरुक्ती तेवढ्या काढल्या आहेत.)

आधी जरा हात वर करा. आपल्या गाडीतलं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, हे किती जणांना नक्की आठवतंय? तीन... चार. मागं एक, पाच. साठेक माणसं बसलीत, आणि सगळी स्वतःला गाडीवेडी म्हणवणारी. लाजू नका. काही वर्षांपूर्वी माझाही हात खालीच राहिला असता. तो खाली राहिल्यामुळं काय झालं, ते सांगायलाच मी आज आलोय.

मी चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी करतो. रेसर वगैरे काही नाही. माझ्याकडं आठ वर्षं जुनी, पेट्रोलवरची, अगदी साधी हॅचबॅक आहे. तिनंच मी भाजी आणतो आणि तिनंच ट्रॅकवर जातो. आजचा विषय या दुसऱ्या वाक्यात आहे.

अमेरिकेत ‘वन लॅप ऑफ अमेरिका’ नावाची एक स्पर्धा चालते. ब्रॉक येट्स नावाच्या मोटारपत्रकारानं ती 1984 मध्ये सुरू केली. आठवडाभर एका ट्रॅकवरून दुसऱ्या ट्रॅकवर जायचं. ट्रॅकवर घड्याळ लावून फेऱ्या मारायच्या आणि संध्याकाळी त्याच गाडीत सामान भरून, रात्रभर साध्या रस्त्यानं, पुढच्या गावी. गाडी ट्रेलरवर चढवून न्यायची नाही. सगळ्या आठवड्याला टायरचा एकच संच. मला या स्पर्धेतलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर हा टायरचा नियम. पैसेवाल्याला पैसा दाखवायला जागाच ठेवलेली नाही. म्हणजे ठेवलीय, पण थोडी.

आपल्याकडं असं नेमकं काही नाही. म्हणून आम्ही चौघांनी चार गाड्या घेऊन आपापसातच एक फेरा आखला. पुणे ते बेंगळुरू साधारण 840 किलोमीटर. तिथून चेन्नईच्या अलीकडं इरुंगट्टुकोट्टई, म्हणजे मद्रासचा ट्रॅक. मग कोइमतूरचं करी मोटर स्पीडवे, आणि तिथून थेट घर. सगळे मिळून जवळजवळ तीन हजार किलोमीटर. दोन्ही ठिकाणी ट्रॅक रीतसर पैसे भरून घेतलेला, स्पर्धा आमची आमच्यात, हरेल त्यानं परतीच्या जेवणाचं बिल द्यायचं.

मद्रासचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा आहे. माझी तिसरी फेरी चालू होती. सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पाय खाली गेला. म्हणजे कसा, तर जिन्यात अंधारात आणखी एक पायरी आहे असं समजून आपण पाय टाकतो आणि पायरी नसते ना, तसा. ब्रेक लागला नाही असं नाही, लागला, पण फार खाली आणि फार उशिरा. दुसऱ्यांदा पंपिंग केलं तेव्हा थोडा वर आला. मी ट्रॅक सोडून बाहेरच्या मातीत गेलो, धुरळा उडाला, गाडी थांबली. काही मोडलं नाही. शेजारी माझा भाचा बसलेला. तो एवढंच म्हणाला, “मामा, आपल्याला याच गाडीनं घरी जायचंय.”

तर झालं काय होतं? आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते ऑइल नसतंच. ग्लायकॉल जातीचा द्रव असतो आणि तो हवेतलं पाणी शोषतो, मिठाच्या बरणीसारखा. टाकीच्या झाकणातून, रबरी नळ्यांतून, पुण्याच्या चार पावसाळ्यांत हळूहळू. बाटलीवर डॉट 3, डॉट 4 असं लिहिलेलं असतं, ती त्या द्रवाची प्रत. डॉट 4 ताजं असताना किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं, की तीच मर्यादा 155 वर येते. द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुमच्या पायाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यात जातो आणि कॅलिपरपर्यंत, म्हणजे चाकाजवळ ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागापर्यंत, काही पोचत नाही.

आता उष्णता किती, ते बघा. माणसांसकट 1,100 किलोची गाडी ताशी 120 वरून 60 वर आणली, तर जेवढी ऊर्जा ब्रेकना गिळावी लागते, तेवढ्यात दीड लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीला येईल. दहा कप चहाचं आधण, दोन-अडीच सेकंदांत! त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर. ते गार व्हायच्या आत पुढचं वळण. आपल्या रोजच्या रस्त्यावर असं कधी होतच नाही, म्हणून चार वर्षांचं ब्रेक ऑइल चार वर्षं चालतं आणि आपल्याला वाटतं, काही बिघडलेलं नाही. खंबाटकीचा घाट न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांना कधीतरी कळतं, तेवढंच.

जाण्याआधी मी काय काय केलं होतं माहितीये? नवीन एअर फिल्टर. सीटला नवीन कव्हर. नाना पेठेत दोन शनिवार घालवून हॉर्न आणला. ब्रेक ऑइलची बाटली साडेतीनशे-चारशे रुपयांना येते, ती नाही आणली. नशीब, त्या दिवशी संध्याकाळी चेन्नईत डॉट 4 मिळालं. भाच्याला पेडलवर बसवून चारही चाकांच्या ब्रेकमधून जुनं ऑइल आणि त्यातली हवा काढली. “दाब. धर. सोड.” दीड तास. बाहेर आलेलं ऑइल काळ्या चहासारखं होतं.

तेव्हापासून तयारीचा माझा हिशेब बदलला. ट्रॅक गाडीची राखीव ताकद वापरून टाकतो. रोजच्या रस्त्यावर ब्रेकची, कूलंटची, टायरची जी शिल्लक कधी हातच लावली जात नाही, ती सगळी ट्रॅकवर वीस मिनिटांत खर्च होते. आणि शिल्लक संपवून तुम्हाला पुन्हा पाचशे किलोमीटर जायचं असतं. म्हणून निव्वळ ट्रॅकसाठी चांगली असलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू या स्पर्धेत वाईट. रेसिंगचे ब्रेक पॅड घ्या. तापल्यावर झकास धरतात, पण पहाटेच्या गारठ्यात टोलनाक्यावर पहिला ब्रेक मारा, काळजाचा ठोका चुकतो. चाकं वरच्या बाजूनं आत कलती ठेवली, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर दिला, तर वळणावर फायदा, पण तीन हजार किलोमीटर सरळ चालवून टायरची आतली कड संपते, आणि संच तर एकच. म्हणून रस्ता आणि ट्रॅक यांच्या मधले पॅड, कंपनीनं सांगितलेली अलाइनमेंट, आणि जरा जास्त लक्ष टायरच्या हवेकडं.

हवेवर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण त्याला पैसे लागत नाहीत. टायरच्या हवेचा दाब दर 10 अंशांना साधारण दीड पीएसआयनं वाढतो. सकाळी गार टायरला 32 मारली, तर तीन-चार फेऱ्यांनी ती 38-39 दाखवते. टायर फुगतो, मधल्या पट्ट्यावर चालायला लागतो. किती कमी करायची, हे कळायला यंत्र नको, शाळेतला खडू पुरतो. टायरच्या खांद्यावरून, म्हणजे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथून, आडव्या तीन रेघा ओढा. बऱ्याच टायरांना तिथं एक बारीक त्रिकोण असतो. दोन-तीन जोरकस फेऱ्या मारून या आणि बघा, खडू कुठपर्यंत पुसला. त्रिकोणाच्या खाली भिंतीवर गेला असेल, तर टायर कलंडतोय, हवा कमी आहे. त्रिकोणापर्यंत आलाच नसेल, तर जास्त. आणि हे वहीत लिहा. पुढचं डावं, पुढचं उजवं, वेळ, ऊन की ढग. भाचा माझ्या वहीला ‘किराणा यादी’ म्हणतो, म्हणू दे.

यातली खोच संध्याकाळी आहे. तापलेल्या टायरमधून 39 ची 35 केलेली हवा गार झाल्यावर 28 होते. चार पिशव्या, स्टेपनी, हत्यारं सगळं परत भरलेलं, आणि हायवेला शंभरनं रात्रभर. मी एकदा भरायची विसरलो. सेलमच्या अलीकडं स्टिअरिंग जड वाटायला लागलं, उतरून टायरला हात लावला तर चटका बसला. तेव्हापासून स्टिअरिंगवर एक कपड्याचा चिमटा लावून ठेवतो. हवा भरल्याशिवाय चिमटा निघत नाही.

चाकाच्या नटांचं एकच सांगतो. आपला पंक्चरवाला पान्यावर उभा राहतो, ते डोक्यातून काढा. किती जोरानं आवळलं ते दाखवणारा टॉर्क पाना घ्या, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढंच आवळा, आणि पहिल्या फेऱ्यांनंतर गार झाल्यावर पुन्हा तपासा. आणि ट्रॅकवरून आल्या आल्या हँडब्रेक ओढू नका. शेवटची एक फेरी ब्रेक न मारता हळू घ्या, मग गिअरमध्ये लावून चाकाखाली दगड. तापलेला ड्रम गार होताना आकसतो आणि लायनर आत धरून बसतो. आमच्यातल्या एकाची गाडी अशी तासभर हललीच नाही.

इंजिन तापायला लागलं तर एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करा. हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच. चेन्नईच्या मे महिन्यात, बंद हेल्मेट घालून, हीटर चालू. वजन उतरवायला यापेक्षा स्वस्त उपाय मला माहीत नाही.

माणसाच्या तयारीकडं आपण बघतच नाही. पहाटे दोन ते पाच ही वेळ शरीराची झोपेची असते, तिथं चहा आणि गाणी काही करत नाहीत. आम्ही दुसऱ्या खेपेपासून दर दोन तासांना चालक बदलतो आणि मागं बसणाऱ्यानं झोपायचंच, गप्पा मारायच्या नाहीत. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. ढाब्यावरची पनीर बटर मसाला रात्री एकला खाऊन गाडी चालवणं हे माझ्या मते ब्रेक फेलइतकंच गंभीर आहे.

कायद्याचं थोडक्यात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून आमच्या फेऱ्यात रस्त्यावरच्या वेळेला गुणच नाहीत. लवकर पोचलास तर तिथं झोप, बस. दुसरं, आपल्या नेहमीच्या विमा पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ म्हणून एक भाग असतो, त्यात स्पर्धा, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल म्हणजे गाडीच्या भरवशाची चाचणी, हे सगळं वगळलेलं असतं. ट्रॅकवर गाडी ठोकली तर खर्च तुमचा. जाण्याआधी तो कागद एकदा चष्मा लावून वाचा. मी मातीत गेल्यानंतर वाचला.

आणि शेवटचा नियम, जो मिस्त्री लोकांना अजिबात आवडत नाही: निघण्याच्या आठ दिवस आधी गाडीला हात लावणं बंद. जे बदलायचं ते तीन आठवडे आधी बदला आणि मग ती गाडी रोज ऑफिसला न्या. नवीन पॅड असतील तर दिवे घाटात जाऊन, ब्रेक मारून मारून ते नीट बसू द्या. नवीन टायर असतील तर तीन-चारशे किलोमीटर चालू द्या. नवीन वस्तू बिघडायची असेल तर ती हडपसरच्या सिग्नलला बिघडू दे, तिथं ओळखीचा माणूस आहे.

गाडी खाली पार्किंगमध्येच लावलीय, पांढरी, बोनेटवर चिकटपट्टीचे डाग असलेली. परवाच ट्रॅकवरून आलोय, टायरवर खडूच्या रेघा अजून आहेत. ज्यांना त्रिकोण म्हणजे नक्की काय ते बघायचंय त्यांनी चला, पण जरा घाईनं. वॉचमननं बजावलंय की साडेआठला गेट लावणार म्हणजे लावणार.