पद्मिनीचे १०८९ सीसी इंजिन नेमके कशाने बिघडते?

नमस्कार. प्रीमियर पद्मिनीच्या इंजिनाविषयी दोन टोकाची मते ऐकायला मिळतात. हे इंजिन कितीही हाल केले तरी चालतच राहते, असे टॅक्सीवाले सांगतात, तर ही गाडी घाटात हमखास बंद पडायची, अशी आठवण घरची गाडी वापरणारे सांगतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, कारण या इंजिनाचा गाभा मजबूत आहे आणि त्याचे बहुतेक आजार उष्णतेतून येतात. म्हणून जुनी पद्मिनी बाळगणाऱ्याने इंजिन खोलण्याचा खर्च करण्याआधी पाण्याची वाट, पेट्रोलची वाट आणि इग्निशन (पेट्रोल पेटवणारी ठिणगीची यंत्रणा) या तीन गोष्टी तपासाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी थोडी कुळकथा. ६८ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची धाव) असलेले हे चार सिलिंडरांचे इंजिन इटलीच्या फियाटने १९३७ साली ५०८ सी या गाडीत आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर चिसितालिया या इटालियन कंपनीच्या छोट्या रेसिंग गाड्या याच कुळातल्या इंजिनावर धावल्या, आणि १९४७ च्या मिल्ले मिल्या या इटलीतल्या शर्यतीत नामवंत शर्यतपटू ताझिओ नुव्होलारी अशाच गाडीतून दुसरा आला. आपल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे हे घराणे फारसे कोणाला ठाऊक नसते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ साली फियाट ११०० डिलाईट बाहेर पडू लागली, आणि सत्तरच्या दशकात तिचेच नाव आधी प्रेसिडेंट व मग पद्मिनी झाले. इटलीत तोवर ११०० डी गाडीला १२२१ सीसीचे मोठे इंजिन मिळाले होते. आपल्याकडे पेट्रोल गाडीत मात्र १०८९ सीसीच शेवटपर्यंत राहिले.

या इंजिनाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला खालचा भाग) बिडाचा आणि हेड (त्यावर बसणारा वरचा भाग) ॲल्युमिनियमचे आहे. व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, म्हणजे कॅमशाफ्ट, ब्लॉकच्या पोटात असून ती चेनवर फिरते, आणि तिथून पुशरॉड व रॉकरच्या मार्फत वरचे व्हॉल्व्ह उघडतात. पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला, म्हणजे क्रँकशाफ्टला, तीन मेन बेअरिंग, म्हणजे आधार, आहेत. ताकद मिनिटाला ४८०० फेऱ्यांच्या आसपास सुमारे ४० अश्वशक्ती, म्हणजे आजच्या हिशेबाने फारच माफक. पुढे मारुतीच्या ७९६ सीसी इंजिनाने जवळपास तेवढीच ताकद दिली. पण या माफकपणातच त्याचे आयुष्य दडलेले आहे. बोअरपेक्षा स्ट्रोक मोठा असल्यामुळे कमी फेऱ्यांवर ओढ चांगली मिळते, त्यामुळे मुंबईच्या थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत इंजिनाला सहसा पूर्ण जोर लावावाच लागत नाही. उलट ४८०० फेऱ्यांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर होतो, आणि प्रत्येक दोन सिलिंडरांमागे एकच आधार असलेल्या क्रँकला तो वेग तासन्‌तास सोसवत नाही. द्रुतगती मार्गावर या गाडीला नव्या गाड्यांच्या बरोबरीने पळवणे म्हणूनच मला मान्य नाही.

आता माझ्या हातात जे आहे ते पाहा. हे एका जुन्या पद्मिनीतून काढलेले हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधला सांधा बंद ठेवणारी पातळ पत्री, आहे. दोन सिलिंडरांच्या मधली ही अरुंद पट्टी जळून काळी झाली आहे आणि इथे तिची कड अक्षरशः खाल्ली गेली आहे, तर पाण्याच्या या भोकाभोवती पांढरट क्षार आणि गंज यांचा थर बसला आहे. या दोन खुणांचा एकमेकींशी संबंध आहे. कित्येक मालक वर्षानुवर्षे रेडिएटरमध्ये नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी ओतत आले; त्यातील क्षार ब्लॉकच्या आतील मार्गांत साचत गेले, रेडिएटरच्या नळ्या अर्ध्या बुजल्या, आणि बीड व ॲल्युमिनियम हे दोन वेगळे धातू एकाच पाण्यात असल्यामुळे हेड पाण्याच्या भोकांपाशी झिजू लागले. त्यातच पंखा पट्ट्याने इंजिनावरच फिरत असल्यामुळे सिग्नलला गाडी उभी असताना, म्हणजे वाऱ्याची सर्वाधिक गरज असताना, तो सर्वात हळू फिरतो. हेड तापले की ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावते, मग ते किंचित वाकते, आणि गॅस्केटची सर्वात अरुंद पट्टी आधी जाते. त्यानंतर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, पाणी कुठेही न गळता कमी होते, आणि पाणी ऑइलमध्ये मिसळले असेल तर डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, दुधाळ चहासारखा रंग दिसतो.

अशा वेळी नुसते नवे गॅस्केट टाकून हेड पुन्हा बसवणे म्हणजे मलमपट्टी आहे. हेडवर सरळपट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) वाक मोजावा, गरज असेल तेवढाच फेस मारून (पृष्ठभाग सपाट करून) घ्यावा, रेडिएटर खोलून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करावे, ब्लॉकच्या बाजूचे गंजलेले प्लग बदलावेत आणि यापुढे गंजरोधक कूलंट वापरावे. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाण्याची वाट अडवणारी झडप) काढून फेकण्याची आपल्याकडची रीत तर मला मुळीच पटत नाही. त्याने रेडिएटर स्वच्छ होत नाही, मात्र इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, चोक (थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारी सोय) जास्त वेळ ओढावा लागतो आणि जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन नेते.

घाटात बंद पडण्याच्या तक्रारीकडे वळू. या गाडीचा पेट्रोल पंप यांत्रिक आहे. तो ब्लॉकवर बसवलेला असून कॅमशाफ्ट त्याचा पडदा हलवते. बोरघाटात दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिन तापते, समोरून वारा कमी मिळतो, आणि पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होते. वाफ दाबली जाते पण पुढे सरकत नाही, म्हणून कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) रिकामा पडतो. पंपावर ओले फडके गुंडाळून वाट पाहणारी कुटुंबे हे खंडाळ्याच्या घाटातले एकेकाळचे नेहमीचे दृश्य होते, आणि तो उपाय शास्त्रीयदृष्ट्या बरोबरच होता. आता अडचण वाढली आहे, कारण रस्त्यावरच्या पेट्रोल विक्रीच्या पंपांवर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या पंपाचा पडदा आणि जुन्या रबरी नळ्या इथेनॉलसाठी बनलेल्याच नव्हत्या. त्या फुगतात, चिरतात, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणे किती धोक्याचे आहे हे वेगळे सांगायला नको. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पडदा बसवणे हे मी पहिल्या आठवड्याचे काम मानतो.

मात्र गरम झाल्यावर बंद पडणारी प्रत्येक पद्मिनी वाफेमुळेच बंद पडते, असे नाही. सिलिंडरांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधील कंडेन्सर (ठिणगीच्या विजेला मदत करणारा छोटा भाग) म्हातारा झाला की तो थंड असताना काम करतो आणि तापला की दगा देतो, त्यामुळे लक्षण हुबेहूब तेच दिसते: गाडी बंद पडते, अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी सुरू होते, आणि मेकॅनिक पेट्रोल पंप बदलून मोकळा होतो. फरक ओळखायचा असेल तर गाडी बंद पडल्याक्षणीच तपासावे. एअर क्लीनर काढून ॲक्सिलरेटर हाताने दाबल्यावर कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोलची धार दिसली, तर पेट्रोल पोहोचते आहे आणि संशय इग्निशनवर घ्यावा. ही तपासणी आधी संपवावी, सांडलेले पेट्रोल उडून जाऊ द्यावे, आणि नंतरच ठिणगी पाहावी. हा क्रम कधीही उलटा करू नये. ठिणगी निळी आणि कडक नसून पिवळट व क्षीण असेल, किंवा डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉईंटच्या, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांच्या, तोंडाशी जास्त जळल्याची खूण असेल, तर कंडेन्सर आधी बदलून पाहावा, कारण तो पेट्रोल पंपापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांमधल्या फटीच्या, आवाजाबद्दलही एक गैरसमज दूर करतो. हलकी टकटक हा या इंजिनाचा स्वभाव आहे. काळजी करावी ती अचानक आलेल्या शांततेची. भारतात फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोलच विकले जाते, आणि मुंबईच्या टॅक्सी त्यानंतर मोठ्या संख्येने सीएनजीवर गेल्या. शिसे व्हॉल्व्ह आणि सीट (व्हॉल्व्ह ज्यावर मिटतो ती कडा) यांच्यात एक पातळ संरक्षक थर ठेवत असे, तर सीएनजी हे तर पूर्णपणे कोरडे इंधन आहे. संरक्षण गेल्यावर एग्झॉस्टचा व्हॉल्व्ह सीटमध्ये हळूहळू खोल बसत जातो, टॅपेटचे अंतर कमी होत शून्यावर येते, आवाज थांबतो, आणि नीट न मिटणारा व्हॉल्व्ह जळतो. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर त्या रस्त्यावरून गेल्या. पण सीएनजीवर राबलेली हेडे आजही जुन्या बाजारात फिरत असतात, म्हणून हेड विकत घेताना सीट किती खोल गेली आहे हे आधी पाहावे.

धुराचे थोडक्यात सांगतो. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर निळा धूर आला तर व्हॉल्व्ह गाईड (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या नळ्या) झिजलेले असतात. चढावर सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर झिजलेले असतात. खात्री करण्यासाठी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजावे, मग सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर दोष रिंगांकडे, तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे जातो. रिबोअर (सिलिंडर थोडा मोठा कोरणे) आणि त्यात बसणारे ओव्हरसाईज पिस्टन हे या साध्या बिडाच्या ब्लॉकला वर्षानुवर्षे होत आलेले काम आहे, त्याला घाबरण्याचे कारण नाही.

विकत घेण्यासाठी गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड ठेवायला आधीच सांगून ठेवा आणि गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून ते खरेच थंड आहे ना, याची खात्री करा. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडून पाण्याचा रंग पाहा, डिपस्टिक पुसून पाहा, आणि मगच सुरू करायला सांगा. ऑइलचा लाल दिवा लगेच विझला पाहिजे, आणि अर्धा तास गर्दीत चालवून गाडी उभी केल्यावर मंद फेऱ्यांवर तो लुकलुकता कामा नये. त्यानंतर इंजिन बंद करा, दहा मिनिटे मालकाशी किमतीची बोलणी करा, आणि पुन्हा चावी फिरवा. गरम इंजिन चोक न ओढता सुरू झाले, तरच बोलणी पुढे न्या.