निळा रंग टिकला, तर

[दृश्य: नरकचतुर्दशीची पहाट. सिंधुदुर्गातलं एक अंगण.]

कारीट फुटलं, आता सातविणीचा रस. "रस घेतल्याशिवाय फराळाक हात लावूचो नाय!" पोरं नाक दाबून घोट घेतात. तापावरची साल म्हणून सातवीण कोकणात जुनीच. पण मलेरियाच्या परजीवीचं ती नेमकं काय बिघडवते, मुळात बिघडवते का, हे असं घोट घेऊन कळत नाही.

[दृश्य: प्रयोगशाळा. बर्फात ठेवलेली कुपी, ९६ खळग्यांची प्लेट.]

इथे जिवंत परजीवी नाही. आहे त्याचं एकच विकर (एन्झाइम), डीएचओडीएच, तेही जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. डीएनएसाठी लागणारी पिरिमिडिनं प्लाझमोडियम फाल्सिपेरमला, म्हणजे मलेरियाच्या या परजीवीला, बाहेरून उचलता येत नाहीत, स्वतःच घडवावी लागतात. हे विकर अडलं की ते कामच अडतं. माणसाच्या पेशींना दोन्ही वाटा मोकळ्या, म्हणून नेम इथे.

[जवळून: पिपेटच्या टोकाला निळा थेंब.]

हा रंग डीसीआयपी. विकराने काढलेले इलेक्ट्रॉन त्याच्यापर्यंत पोचले की निळं पाणी फिकं होत जातं. यंत्र ते ६०० नॅनोमीटरला मोजतं. एखाद्या खळग्यात निळा टिकला, तर तिथे घातलेल्या झाडाच्या अर्काने विकराला रोखलं असावं.

असावं! कारण हाच रंग क जीवनसत्त्वानेही उडतो. बीएस्सीच्या मुलांनी लिंबाच्या रसावर ते करून पाहिलेलं असतं. करवंदाच्या अर्काने रंग परस्पर उडवला, तर त्यातला रोधक दिसणारच नाही. सालींचं उलटं. त्यांतली टॅनिनं दिसेल त्या प्रथिनाला चिकटतात, विकर लुळं पडतं, निळा झकास टिकतो, आणि हाती औषध नव्हे, नुसता तुरटपणा लागतो. म्हणून एक रांग विकराविना, रंग अर्कानेच उडतो का ते पाहायला; एक थोडा डिटर्जंट घालून, नुसती चिकटाचिकटी सुटावी म्हणून; एक माणसाच्या डीएचओडीएचची, तेही अडतं का ते पाहायला. कंटाळवाण्या रांगा, पण आम्हाला विचाराल तर प्लेटवर याच खऱ्या कामाच्या. पावसात मध्येच लाईट गेली, की सगळं पहिल्यापासून.

[दृश्य: पडद्यावर विकराची त्रिमितीय रचना.]

अशाच चाळणीतून सुरुवात होऊन डीएसएम२६५ हा रेणू घडला. परजीवीचं विकर तो रोखतो, माणसाचं जवळपास सोडून देतो. रुग्णांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचला. तिथे काहींच्या रक्तात परजीवी परतले, विकरातलं २७६ क्रमांकाचं एकच अमिनो आम्ल बदलून. त्यामुळे नवा रोधक आता मूळ विकरावर तपासतात, तसा या बदललेल्या विकरावरही.