पंचवीस मिनिटं जमिनीवर

रायनएअर या आयर्लंडच्या स्वस्त विमानकंपनीचं विमान थांबतंय न थांबतंय तोच पुढचं-मागचं दार उघडलं. पुढची शिडी विमानाच्या पोटातूनच निघते. विमानतळाच्या शिडीची वाट बघायला नको.

आता आत बघा. शेवटचे प्रवासी अजून बाहेर पडताहेत आणि मागून केबिन क्रू कप, कागद, पाण्याच्या बाटल्या गोळा करत पुढे सरकतेय. सफाईला वेगळं माणूस नाही. आसनांच्या पाठीला खिसाच दिलेला नाही, म्हणजे त्यात कोंबलेला कचरा उपसायला नको. सुरक्षेच्या सूचना थेट पाठीवरच चिकटवल्यात.

उतरलेलं विमान पुन्हा उडायला तयार करायचं रायनएअरचं हे गणित २५ मिनिटांचं. त्याचं मूळ अमेरिकेत. १९७२ मध्ये साउथवेस्ट या तिथल्या विमानकंपनीवर पैशांपायी चारपैकी एक विमान विकायची पाळी आली. वेळापत्रक मात्र चार विमानांचंच ठेवलं. मग उरलेली तिन्ही विमानं दहा-दहा मिनिटांत रिकामी करून, भरून, पुन्हा सोडायची! नडीपोटी काढलेली ही युक्ती पुढे स्वस्त विमानकंपन्यांचा पायाच झाली. रायनएअरचे प्रमुख मायकल ओलिअरी यांनी ती आयर्लंडमध्ये आणली. उभं विमान कमवत नाही, हे खरंच. पण क्रूचा पगारही बऱ्याच ठिकाणी उड्डाणाच्या तासांवर ठरतो. ही धावपळ त्या हिशेबात कुठे?

२००६ मध्ये ब्रिटनच्या चॅनल ४ या टीव्ही वाहिनीच्या दोन पत्रकार ओळख लपवून रायनएअरच्याच क्रूमध्ये लागल्या. दमून डुलक्या काढणारे कर्मचारी छुप्या कॅमेऱ्यात आले. कंपनीने आरोप फेटाळले. २६ जुलै २०१२ला माद्रिदवर वादळ होतं; व्हॅलेन्सियाकडे वळवलेल्या रायनएअरच्या तीन विमानांनी इंधन कमी पडत चालल्याने ‘मेडे’, म्हणजे संकटाचा इशारा, पुकारला. तिन्ही सुखरूप उतरली, इंधनही नियमाप्रमाणेच भरलेलं होतं. पुढच्या वर्षी चॅनल ४वर उघडपणे बोललेल्या एका वैमानिकाला मात्र कंपनीने घरी बसवलं.

माध्यमांचा प्रश्न दरवेळी एकच: विमान सुरक्षित आहे ना? त्याला कंपनीकडे चोख उत्तर आहे. १९८५पासून अपघातात एकही प्रवासी दगावलेला नाही. रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक, कोण लावतं, आजारी पडल्यावर पगार मिळतो का, हे विचारायला कॅमेरा थांबत नाही.

२०१७ मध्ये वैमानिकांच्या रजांचा घोळ झाला, हजारो उड्डाणं रद्द झाली. नाताळच्या तोंडावर संपाची हाक आली, तेव्हा कुठे कंपनीने पहिल्यांदा संघटनांना मान्यता द्यायचं कबूल केलं.