केसाचं टोक किती वर्षांचं?

(काकू पाठमोऱ्या, केस मोकळे)

हे काकूंचे केस. कॅमेरा खाली सरकतोय तसतसा केस जुना होत चाललाय बघा, कारण केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो आणि हे आहेत जवळपास ९० सेंटीमीटर, म्हणजे टोकाचा जो भाग दिसतोय ना तो सात-साडेसात वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर आलाय. आठवड्यातून दोनदा नहाणं धरलं तर सातशेच्या वर वेळा धुऊन झालाय! आणि डोक्याबाहेरच्या केसात जिवंत काहीच नसतं, म्हणून कापताना दुखत नाही, आणि म्हणूनच एकदा झिजला की भरून येत नाही.

(इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, मुळाजवळ)

कौलं रचावीत तसे एकावर एक खवले, तोंडं सगळ्यांची टोकाकडे. हे क्युटिकल. ५ ते १० थर असतात, एकेक खवला जेमतेम अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग जाड. घरी करून बघा, एक केस चिमटीत धरून मुळाकडून टोकाकडे बोटं ओढा, सुळकन जातात, उलटी ओढलीत की अडखळतात. खवल्यांवर स्निग्ध पदार्थाचा अगदी पातळ थर असतो, त्यामुळे मुळाकडे पाण्याचा थेंब गोळी होऊन बसतो. टोकाकडचा थेंब बघा, पसरला. तिथला थर ऊन आणि धुणं सोसून कधीच गेलाय.

आता मेन मुद्दा. ओला केस जाडीला १५ टक्क्यांच्या आसपास फुगतो, लांबीला मात्र एक-दोन टक्केच, त्यात खवल्यांच्या कडा उचलल्या जातात, आणि नेमकं तेव्हाच आपण काय करतो, तर पंचाने खसाखसा पुसतो आणि वरून बारीक दातांची फणी घालतो. हा शॉट मुद्दाम स्लो मोशनमध्ये ठेवलाय. फणी गुंत्यात अडकली, काकूंनी हिसडा दिला... तिथे कडांचे टवके उडतात. रोज. आधी कडा खडबडीत होतात, मग खवले विरळ, आणि टोकाशी तर नुसता आतला गाभा उघडा, केराटिन नावाच्या प्रोटीनच्या धाग्यांचा. (ब्लीच, स्ट्रेटनिंग यात धरलेलंच नाही, ते वेगळं प्रकरण.)

उन्हाचंही आहेच. अतिनील किरणं केराटिनला बांधून ठेवणारे गंधकाचे बंध तोडतात, केसाला रंग देणारं मेलॅनिन ती किरणं शोषून घेतं पण त्यात स्वतः नासतं, म्हणून काळ्या केसांची टोकं तांबूस दिसतात. पांढऱ्या केसाला तेवढीही आड नाही.

(तेलाची वाटी)

२००३ मध्ये मुंबईच्या मॅरिकोतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑईल यांची तुलना छापली. केसातून निघून जाणारं प्रोटीन खोबरेलानेच ठळकपणे कमी झालं, कारण त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू छोटा आणि सरळ, तो आत शिरू शकतो. कंपनी स्वतःच खोबरेल विकते, तेवढं ध्यानात ठेवून ऐका. पण गुंता बोटांनी सोडवा, रुंद दातांचा कंगवा घ्या, याला कुठल्या कंपनीची गरज नाही.

गाभा उघडा पडला की केसाला फाटे फुटतात आणि मग तो तुटतो.

सिरमच्या बाटलीवर ‘रिपेअर’ लिहिलेलं असतं. बहुतेकांत सिलिकॉन, फाटे एकमेकांना चिकटून राहतात खरे, पण तेही धुतलं की हळूहळू निघतंच. काकूंची सून कात्री कुठे लावतेय बघा, फाट्यावर नाही, त्याच्या दोन बोटं वर. फाट्यातच कापलंत तर उरलेली चीर तशीच वर सरकत राहते.