आधी इमारत, मग प्रवासी

सकाळचे सहा वाजले आहेत. तासाभरात तीन विमाने सुटायची आहेत आणि सुरक्षा तपासणीची रांग चेक-इन काउंटरपर्यंत येऊन पोहोचली आहे. साडेसातला हीच इमारत ओस पडेल आणि दुपारपर्यंत सफाई कर्मचाऱ्यांखेरीज इथे फारसे कोणी दिसणार नाही. प्रादेशिक विमानतळाच्या विस्ताराचा आर्थिक पेच या विसंगतीतच आहे. टर्मिनलचा आकार ठरतो तो गर्दीच्या तासाला इमारतीत एकाच वेळी किती माणसे असतील यावरून, आणि त्याचा खर्च मात्र वर्षभर येणाऱ्या एकेका प्रवाशाकडून थोडाथोडा वसूल करायचा असतो. ज्या विमानतळावर गर्दीचे दोनच तास आहेत, तिथे त्या दोन तासांसाठी बांधलेल्या जागेवरचे व्याज उरलेले बावीस तासही चढत राहते.

म्हणूनच पैसा उभा करण्याआधी विचारायचा प्रश्न तसा साधा आहे : एखादे उड्डाण अर्ध्या तासाने पुढे ढकलता येईल का? पुष्कळदा येत नाही, कारण तेच विमान दिवसभरात आणखी चार-पाच फेऱ्या करणार असते आणि पहिली फेरी सरकली की सगळी साखळी सरकते. तरीही हा प्रश्न न विचारता थेट वास्तुविशारदाकडे जाणारी व्यवस्थापने कमी नाहीत.

विमानतळाचे उत्पन्न दोन वाटांनी येते. एक विमान कंपन्यांकडून व प्रवाशांकडून घेतले जाणारे लँडिंग, पार्किंग आणि प्रवासी शुल्क. दुसरे दुकाने, जाहिराती आणि वाहनतळ यांचे. छोट्या विमानतळावर बहुतेक प्रवासी स्वतःच्या गाडीने येतात, त्यामुळे झगमगत्या दुकानापेक्षा बाहेरचा साधा वाहनतळच अनेकदा अधिक भरवशाची कमाई करून देतो. ही दोन्ही उत्पन्ने एकाच गल्ल्यात टाकायची की दोन वेगळ्या गल्ल्यांत, यावर नियामक आणि विमान कंपन्या यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालतात. गल्ला एकच असेल, तर दुकानांच्या भाड्यामुळे लँडिंग शुल्क कमी ठेवता येते. गल्ले वेगळे असतील, तर ते भाडे विमानतळाच्या मालकाकडे राहते आणि नव्या इमारतीत गुंतवणूक करण्यास त्याला कारण मिळते.

हे उत्पन्न पुरते का? युरोपीय आयोगाने २०१४ मध्ये सरकारी मदतीविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांत याचे उत्तर बऱ्यापैकी स्पष्टपणे दिले आहे. वर्षाला १० लाखांपेक्षा कमी प्रवासी असलेल्या विमानतळाला भांडवली खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत सरकारी मदत घेता येते. १० ते ३० लाखांच्या टप्प्यात ही मर्यादा ५० टक्के, ३० ते ५० लाखांसाठी २५ टक्के. त्यापुढच्या विमानतळांनी सर्वसाधारणपणे आपला खर्च आपण भागवावा, अशी अपेक्षा आहे. थोडक्यात, लहान विमानतळ स्वबळावर इमारत बांधू शकत नाही हे गृहीत धरूनच नियम केले आहेत.

अमेरिकेची वाट निराळी आहे. तिथे १९९० च्या कायद्याने विमानतळांना विमानात चढणाऱ्या प्रवाशामागे एक ठरावीक शुल्क आकारण्याची मुभा मिळाली आणि त्याची कमाल मर्यादा २००० मध्ये ४.५० डॉलर करण्यात आली. या शुल्काच्या आधारावर विमानतळ रोखे विकतात. रोखेधारकांना दिलेल्या हमीत, खर्च वजा जाता उरणारे उत्पन्न वार्षिक हप्त्याच्या किमान सव्वापट राहील, अशी अट सर्रास असते.

खरी अडचण मुदतीची आहे. इमारतीचे कर्ज वीस-तीस वर्षे चालते. विमान कंपनीचे वेळापत्रक हंगामी असते. विमान ही मुळातच हलणारी मालमत्ता असल्याने, दुसरीकडे चार पैसे जास्त मिळताच कंपनी ते तिकडे नेऊ शकते, आणि मागे उरलेल्या टर्मिनलला चाके नसतात. ज्या विमानतळावर निम्म्याहून अधिक प्रवासी एकाच कंपनीचे आहेत, त्याला कर्ज देणारी बँक प्रत्यक्षात त्या कंपनीच्या मर्जीवर कर्ज देत असते. हे ओळखून कंपनीही वाटाघाटींत शुल्कात सवलत मागते. म्हणजे ज्या वाढीव प्रवाशांच्या भरवशावर इमारत बांधायची, तेच प्रवासी सर्वांत कमी पैसे देणारे ठरतात.

स्पेनमधील सियुदाद रेआल येथील विमानतळ २००८ च्या अखेरीस खुला झाला. माद्रिदच्या दक्षिणेला, खासगी पुढाकारातून, एक अब्ज युरोहून अधिक खर्चून तो उभारला होता. अपेक्षित प्रवासी आलेच नाहीत. त्यात पैसा गुंतवलेल्या प्रादेशिक बचत बँकेचा कारभार २००९ मध्ये बँक ऑफ स्पेनला हाती घ्यावा लागला आणि २०१२ मध्ये विमानतळ बंद पडला. २०१५ च्या लिलावात त्यासाठी आलेली एकमेव बोली होती १० हजार युरोंची. ती मंजूर झाली नाही, एवढाच काय तो दिलासा.

अशा अनुभवांनंतर सावध कर्जदाते एकरकमी पैसा देण्याऐवजी टप्पे मागतात. पहिल्या टप्प्यात सुरक्षा तपासणीच्या मार्गिका आणि सामानाचा पट्टा, कारण कोंडी बहुधा तिथेच होते. प्रतीक्षा कक्ष त्यानंतर, तोही प्रवासीसंख्येने करारात लिहिलेला आकडा सलग काही काळ ओलांडला तरच. नकाशावर ही शिस्त एका भिंतीत दिसते : इमारतीच्या एका टोकाची भिंत मुद्दाम हलक्या पत्र्याची ठेवलेली असते, तिच्यापलीकडची जमीन मोकळी असते आणि सांडपाण्याच्या व विजेच्या वाहिन्या त्या भिंतीपर्यंत आणून, तोंडे बंद करून ठेवलेल्या असतात.